मैना मात्र बोलत नाही

माझ्या आत्याचं सगळं तरुणपण कराडजवळच्या एका गावात गेलं आणि आतोबांचं परळच्या गिरणीत, साच्यावर. वर्षातून दोनदा भेट व्हायची, गावच्या जत्रेला आणि दिवाळीला. गिरण्यांचा संप फिसकटल्यावर आतोबा कायमचे गावी आले ते एक टेपरेकॉर्डर आणि चार-पाच कॅसेटी घेऊन. त्यांतल्या एकीवर विठ्ठल उमपांच्या आवाजात अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ होती. संध्याकाळी अंगणात ती लागली की गडीमाणसं माना डोलवायची, एखादा हळूच डोळे पुसायचा. मुंबईच्या पावसात भिजणाऱ्या, साधी छत्रीही नसलेल्या गड्याचा भाग आला की आतोबा हमखास ‘वा’ म्हणायचे. एकदा आत्या चुलीपुढून म्हणाली, “घरातली एकुलती एक छत्री ह्यांनीच नेली होती मुंबईला. मी पोत्याची खोळ घेऊन भात लावला. त्याचं गाणं कुणी केलंय का बघा.”

सगळे हसले. कॅसेट चालूच राहिली.

‘माझी मैना’ ऐकलेल्या, गायलेल्या, कानावरून गेलेल्या माणसांच्या आठवणी या पुस्तकात एकत्र केल्या आहेत. अण्णाभाऊंना जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. त्यांना प्रत्यक्ष फडावर पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पण गाणं ऐकलेली माणसं गावोगाव आहेत, आणि ती बोलायला लागली की लक्षात येतं की सगळ्यांनी एकच गाणं ऐकलेलं नाही. कुणी विरहगीत ऐकलं, कुणी संयुक्त महाराष्ट्राचं रणगीत, कुणी नुसती ढोलकी. आत्यानं छत्री ऐकली. पुस्तक वाचण्याआधी या गाण्यामागचा मोठा पसारा थोडा माहीत असावा, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

अण्णाभाऊंचा, म्हणजे तुकाराम भाऊराव साठे यांचा, जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. तेव्हाचा सातारा जिल्हा, आता सांगली, तालुका वाळवा. जात मांग, म्हणजे ब्रिटिशांच्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. शाळा दीड दिवसाची, हे आता म्हणीसारखं झालं आहे. पोरवयात आईबापांबरोबर वाटेगावाहून पायी मुंबई गाठली. मग पडेल ते काम, गिरणी, कामगार चळवळ, कम्युनिस्ट पक्ष. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरओळख झाली. मधल्या काळात गावी परतले तेव्हा नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात उभे राहिले आणि तिथं फडाची नस कळली. १९४४ साली माटुंग्याच्या लेबर कॅम्पात अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णाभाऊ या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ‘स्टालिनग्राडचा पवाडा’, बंगालच्या दुष्काळावरची हाक, ‘अकलेची गोष्ट’, ‘माझी मुंबई’ अशी एकामागून एक कामं त्या काळात आली. पुढं ‘फकिरा’ ही कादंबरी आली, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, तीसहून अधिक कादंबऱ्या झाल्या, रशियाचा प्रवास झाला. घाटकोपरच्या चिराग नगरात झोपडीत राहून त्यांनी यातलं बरंचसं लिहिलं. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात, हलाखीत आणि एकटेपणात ते गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. एका पावसाळ्यात महाराष्ट्राच्या शाहिरीचे दोन खांब पडले.

अण्णाभाऊंवर मराठीत लिहिलं गेलेलं बहुतेक कादंबरीकारावर आहे. शाहिराकडे अभ्यासक वळतात ते चळवळीच्या इतिहासातली एक तळटीप म्हणून. लोकांच्या आठवणीत मात्र क्रम उलटा आहे: आधी गाणं, मग जमलं तर ‘फकिरा’. या पुस्तकानं लोकांचा क्रम धरला आहे.

आता शाहिरीबद्दल. नव्या वाचकाला ‘शाहीर’ म्हटलं की फेटा, डफ आणि शिवजयंती आठवते, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपण शाळेत तेवढंच दाखवतो. उपलब्ध असलेला सगळ्यात जुना पोवाडा अगिनदासाचा, अफझलखानाच्या वधावरचा. घटना १६५९ ची. त्यानंतर तुळशीदासाचा तानाजीवरचा. पोवाडा म्हणजे बातमी, साक्ष आणि स्तुती यांची एकत्र बांधलेली मोट. उत्तर पेशवाईत तिच्या जोडीला लावणी बहराला आली. अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर हे ब्राह्मण. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. जातीधर्मांची एवढी सरमिसळ त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या व्यासपीठावर दिसणं कठीण. त्यातही होनाजी-बाळा ही जोडी इथं विशेष ध्यानात ठेवावी. होनाजी रचायचा, बाळा करंजकर गायचा, आणि लोक दोघांना एकच माणूस समजायचे. दीडशे वर्षांनी अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्या बाबतीत तेच घडलं. या पुस्तकातल्या किती तरी आठवणींत ‘अमर शेखांची मैना’ असा उल्लेख येतो. तो आम्ही दुरुस्त केलेला नाही. शब्द अण्णाभाऊंचे असले तरी ऐकणाऱ्याच्या छातीत घुमला तो आवाज अमर शेखांचा होता.

मौखिक परंपरा कागदावर यायला एकोणिसावं शतक संपत आलं. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲकवर्थ यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला. ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. ज्या साहेबानं जुने पोवाडे गोळा केले, त्याच्या नावाच्या इस्पितळापासून फार दूर नाही अशा कामगार वस्तीत अर्ध्या शतकानं नवे पोवाडे रचले जात होते. ते गोळा करायला मात्र कुणी साहेब आला नाही.

एकोणिसाव्या शतकातलं खरं वळण १८६९ चं. त्या साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पवाडा लिहिला आणि राजाच्या पराक्रमाला शेतकऱ्याच्या, शूद्रातिशूद्रांच्या बाजूनं पाहिलं. जुना साचा घेऊन त्यात नवा माणूस उभा करायचा, ही युक्ती तिथं सुरू झाली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा गण घेतला, गौळण घेतली, बतावणी घेतली आणि भटभिक्षुकशाहीवर आसूड ओढले. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचं नाव त्यात आधी घ्यावं लागतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे त्या धारेचे सगळ्यात मोठे गीतकार. हजारो गाणी, आणि ती वहीतून कमी, माणसांच्या तोंडून जास्त टिकलेली.

तिकडे तमाशाच्या फडात कलगी आणि तुरा यांचा झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला, रात्रभर सवाल-जवाब. बाई मोठी की पुरुष, हा वाद अध्यात्माच्या आडून गावाच्या चावडीपुढं घालण्याची सोय आपल्या लोकांनी करून ठेवली होती. याच जगातून पठ्ठे बापूराव आले. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. १८६६ ते १९४५. जातीनं ब्राह्मण, नर्तकी पवळेच्या साथीनं तमाशात उभे राहिलेले, लावणीचा शेवटचा बादशहा.

रेठरे हरणाक्षही वाळवा तालुक्यातलंच. एकाच तालुक्यातून, पन्नासेक वर्षांच्या अंतरानं, गावाच्या दोन टोकांच्या जातींतून दोन शाहीर मुंबईला आले आणि दोघांनी मुंबईवर लावणी केली. बापूरावांची मुंबई रंगेल आणि डोळे दिपवणारी आहे. अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली ती जणू तिला दिलेला जवाब: एका बाजूला माड्या, दुसऱ्या बाजूला गलिच्छ वस्त्या, मध्ये राबणारा माणूस. कलगी-तुऱ्यात सवाल एकानं टाकायचा आणि जवाब दुसऱ्यानं द्यायचा असतो. इथं सवाल टाकणारा आणि जवाब देणारा यांच्यामध्ये एक पिढी उलटली, एवढंच.

लाल बावटा कलापथकानं तमाशाचा सांगाडा ठेवला आणि आतलं बदललं. गणात गणपतीऐवजी मातृभूमी, कष्टकरी आणि हुतात्मे यांना वंदन आलं. गौळणीला रजा मिळाली. वगात राजाराणीच्या जागी सावकार, गिरणीमालक, दलाल आले. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारनं अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंधनं आणली, कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली, तेव्हा ‘लोकनाट्य’ हे सोवळं नाव रूढ झालं. पुढं मध्यमवर्गानं ते नाव आपलंसं केलं आणि आतला दारूगोळा बाजूला ठेवला. त्या साठ-सत्तरच्या दशकातल्या विनोदी लोकनाट्यांचा मीही चाहता आहे, तरी हे म्हणतो.

या सगळ्याच्या शेजारून आणखी एक धारा वाहत होती, राष्ट्रीय शाहिरांची. स्वातंत्र्यलढ्यात, नंतर संयुक्त महाराष्ट्रात तिनं मोठी कामगिरी केली. पसरणीच्या शाहीर साबळ्यांचं नाव त्यात अग्रभागी. त्यांच्या आवाजातलं राजा बढे यांचं महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये अधिकृत राज्यगीत झालं. ‘माझी मैना’ कधी राज्यगीत होणार नाही. कारण महाराष्ट्र झाला एवढ्यावर तिचं समाधान नाही. तिचा शेवट विजयाच्या उंबरठ्यावर थबकतो आणि निर्णायक धडक अजून बाकी आहे, असं सांगतो. बाकी राहिलेल्या कामाचं गाणं सरकारी समारंभात कोण लावणार?

तर आता गाण्याकडे. ‘माझी मैना’ ही छक्कड. छक्कड हा लावणीच्या कुळातला, फडावर रुळलेला, चटकदार शृंगाराचा प्रकार. अण्णाभाऊंनी तो राजकीय कामाला जुंपला. गाण्याचे तीन पट्टे आहेत. पहिल्यात गाणारा गडी आपल्या बायकोचं रूप वर्णन करतो, गरिबीनं दोघांची ताटातूट कशी केली ते सांगतो; पहाटे भाकरीचं गाठोडं बांधून निघतो, ती गावाच्या शिवेपर्यंत सोबत येते, कोमेजते; तो तिला हसवायला दागिन्यांची वचनं देत सुटतो. दुसऱ्यात मुंबई येते, यंत्रांची आणि मोटारींची, तलम साड्यांची आणि चोरांची, आणि तिच्यात खिशात पैशांऐवजी पावसाचं पाणी भरलेला हा. तिसऱ्यात चळवळ पेटते: परळ, लालबाग, फाउंटन. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा यांच्यावाचून खंडित राहिलेल्या महाराष्ट्राची गत आपल्या घरासारखीच झाली, असं तो म्हणतो. त्याची मैना तिकडे राहिली, राज्याचीही तिकडेच राहिली.

काळाचा संदर्भ नव्या वाचकासाठी थोडक्यात: राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात आला. त्यात मुंबईसह मराठी राज्य नव्हतं. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पुन्हा रक्तानं भिजलं. चळवळीत एकूण शंभरावर माणसं गेली. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, नोव्हेंबरात द्वैभाषिक राज्य लादलं गेलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, बेळगाव-निपाणीवाचून. या सगळ्या वर्षांत सभेआधी शाहीर आणि सभेनंतर शाहीर असा शिरस्ताच होता. पुढाऱ्यांची भाषणं वर्तमानपत्रांत छापून आली. गाणी छापायची गरज नव्हती, सभा सुटल्यावर लोक ती गुणगुणतच घरी जायचे.

रचनेकडे कान देऊन ऐकलं तर एक गोष्ट जाणवते. ओळीमागून ओळ ‘ची’ या अक्षरावर येऊन आदळते. चंद्राच्या कोरीला जो प्रत्यय, तोच भाकरीला, तोच वचनांना, तोच साडीला, चोरांना, लढाईला आणि राज्याला. शाळेत शिकवलेलं व्याकरण सांगतं की ही षष्ठी, म्हणजे मालकीची विभक्ती. मुंबई कुणाची, हा त्या काळचा सगळ्यात मोठा राजकीय सवाल होता. अण्णाभाऊंच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्याचाही तोच. छक्कडीत त्यांनी तो सवाल शब्दांत न विचारता यमकात घातला. बायकोच्या नाकाडोळ्यांपासून सीमाभागापर्यंत सगळं एका श्वासात, एका प्रत्ययावर ओवलेलं असल्यामुळं ऐकणाऱ्याला घरातून चळवळीत कधी शिरलो ते कळतच नाही. राजकीय गाणी आपल्याकडे ढिगानं झाली. बहुतेक त्या वर्षाबरोबर विरली. हे टिकलं, कारण त्यातलं राजकारण घरातल्या दुःखाच्या पायावर उभं होतं आणि ते दुःख त्या काळी लाखो घरांत होतं. घाटावरचा आणि कोकणातला गडी गिरणीत, दहा-बाय-दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पंधरा-वीस जण, जेवण खाणावळवालीकडे, गावाकडे मनिऑर्डर, आणि मनिऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी.

नंतरच्या काळात गाण्याचे तुकडे पडले. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या वरातीत, कॅसेटीवर पहिला पट्टा वाजू लागला. मेळाव्यात आणि सीमाभागातल्या सभांत तिसरा. मधला मुंबईचा पट्टा, माझ्या मते सगळ्यात झणझणीत, कुणालाच नको असल्यासारखा गाळला गेला. पुस्तकातल्या आठवणी वाचताना कोण कुठल्या पट्ट्याशी थांबतो हे पाहावं. गिरणगावातला माणूस मुंबईच्या पट्ट्याशी, निपाणीचा शेवटाशी. निपाणीच्या माणसाचं थांबणं ऐतिहासिक नाही. सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्यासाठी गाणं अजून चालू खटल्यातला कागद आहे.

गोव्याचं काय झालं ते गाण्याच्या चाहत्यांनी फारसं बोलून दाखवलेलं नाही, म्हणून मी बोलतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्यानंतर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथल्या लोकांना विचारण्यात आलं: महाराष्ट्रात यायचंय की नाही? बहुमतानं उत्तर आलं, नाही. आमचं घर आम्ही वेगळंच ठेवतो. ज्या मैनेसाठी इकडे शाहीर गळा काढत होते, तिला पहिल्यांदा तोंड उघडायची संधी मिळाली आणि तिनं नकार दिला. यानं गाणं लहान होत नाही. पण त्यातली एक पोकळी नीट दिसते: मैना संपूर्ण गाण्यात एक अक्षरही बोलत नाही. ती दिसते, कोमेजते, निरोप देते. तिच्या मनातलं तोच सांगतो.

फडावरच्या लावणीतली बाई खूप बोलते. पण ते शब्द बहुधा पुरुष शाहिरानं तिच्या तोंडी घातलेले असतात. खरी मैना बोलली ती जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांत मुंबईला गेलेला नवरा, आगगाडी, गिरणी, पत्राची वाट, तिथं दुसरी कुणी भेटली असेल का ही शंका, सगळं येतं. अण्णाभाऊंची छक्कड आणि जात्यावरच्या ओव्या ही एकाच संसाराची दोन टोकं. एक डफ-तुणतुण्यावर हजारोंच्या सभेत गायलं गेलं, दुसरं पहाटे अंधारात, ऐकणारं कुणी नसताना. मराठीत लोकगीतांचा अभ्यास मोठा आहे, शाहिरीचाही आहे. पण शाहिरीची माणसं ओवीकडे फिरकत नाहीत आणि ओवीची माणसं शाहिरीला राजकारण म्हणून बाजूला ठेवतात. म्हणून आम्ही मुद्दाम बायकांकडे गेलो. पुस्तकातला निम्म्याहून थोडा कमी भाग त्यांचा आहे. निम्मा असावा अशी इच्छा होती, पण अनेकींनी “मला काय कळतं गाण्यातलं” म्हणून टेप बंद करायला लावला, आणि टेप बंद झाल्यावर तासभर बोलल्या.

अण्णाभाऊंनंतर काय झालं, हेही सांगायला हवं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही, गिरण्याच मिटल्या. ज्या श्रोत्यांसाठी ही छक्कड रचली होती तो श्रोतृवर्ग दहा-पंधरा वर्षांत पांगला. शाहिरी झोपडपट्टीत आणि दलित वस्तीत गेली. विलास घोगरे तिथलेच. आनंद पटवर्धनांच्या मुंबईवरच्या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले आणि चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवलं. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथूनच सुरू होतो. चिराग नगर आणि रमाबाई नगर, दोन्ही घाटकोपरची. शाहिराला लोक खांद्यावर घेतात, पण त्याच्या घरात डोकवत नाहीत, ही आपली जुनी सवय आहे. चाहते म्हणून आपण तिची जबाबदारी घेतली पाहिजे, असं मला या आठवणी वाचताना पुन्हा पुन्हा वाटलं. अण्णाभाऊंच्या शेवटच्या दिवसांबद्दल हळहळ व्यक्त करणारे शंभर भेटले. तेव्हा जाऊन आलो होतो असं सांगणारे फार थोडे.

आता त्यांची जयंती जोरात होते. १ ऑगस्टला सकाळी टिळकांच्या पुण्यतिथीचा हार, संध्याकाळी अण्णाभाऊंची मिरवणूक. २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. मिरवणुकीत ‘मैना’चा पहिला पट्टा डीजेवर वाजतो. याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. पोरं नाचतात तेव्हा गाणं निदान कानावरून जातं, आणि पुस्तकातल्या दोन आठवणी तर अशा डीजेपाशीच सुरू होतात.

या गाण्याकडे आताच वळायचं एक वेगळं कारण आहे. अण्णाभाऊंची जन्मशताब्दी २०२० च्या ऑगस्टमध्ये आली. त्याआधीच्या मार्च ते मे या महिन्यांत आपण सगळ्यांनी मुंबईच्या रस्त्यांवरून गावाकडे पायी निघालेली माणसं पाहिली. ज्या मुलानं वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायपीट केली होती, त्याच्या शंभराव्या वर्षी लोक तीच वाट उलट्या दिशेनं तुडवत होते. त्यांतले बहुतेक मराठी नव्हते. त्यांच्या मैना गोरखपूर, गया, जौनपूरकडे राहिल्या होत्या. आणि आपल्याकडे, बीडच्या बाजूला, मैना आता गावावर राहतही नाही. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. नवरा-बायकोची मिळून उचल एक, हिशेबात दोघं मिळून एक ‘कोयता’. विरह संपला, पण कसा संपला हे पाहिलं की जुना विरह बरा म्हणावा लागेल. या नव्या ताटातुटींची आणि न-ताटातुटींची छक्कड कुणी रचतंय का, याचा शोध आम्ही घेतला. मोबाइलवर रॅप करणारी पोरं भेटली, ऊसतोडीच्या फडावर रात्री गाणाऱ्या बाया भेटल्या. त्यांचं काम या पुस्तकात नाही. ते वेगळ्या पुस्तकाचं काम आहे, आणि ते माझ्या पिढीनं करू नये असं मला वाटतं.

हे पुस्तक अण्णाभाऊंचं चरित्र नाही. ते हवं असेल तर त्यांचे धाकटे बंधू शंकर भाऊ साठे यांचं ‘माझा भाऊ अण्णाभाऊ’ आधी वाचावं. ही छक्कडीची समीक्षाही नाही. एक गाणं सत्तर वर्षं माणसांच्या अंगावरून वाहत गेल्यावर त्यांच्यापाशी काय उरतं, ते जसं सापडलं तसं इथं ठेवलं आहे. सांगणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत. गाव, काम आणि वय तेवढं दिलं आहे. बोली शक्यतो त्यांचीच ठेवली. मुद्रितं तपासणाऱ्यांनी ती दोनदा प्रमाण केली, आम्ही दोनदा परत बोलीत आणली.

राहता राहिला गाण्याच्या शीर्षकाचा घोळ. काहींच्या तोंडी मैना ‘गावावर’ राहिली, काहींच्या ‘गावाकडं’. अभ्यासकांनी एक पाठ ठरवा म्हणून सांगितलं. दोन्हींत फरक आहे. ‘गावाकडं’ म्हणणारा मुंबईत उभा राहून तिकडे बोट दाखवतो. ‘गावावर’ म्हणणाऱ्याला ती कुणाच्या तरी भरवशावर टाकून आल्यासारखी वाटते, ओझं ठेवावं तशी. ज्यांनी ‘गावावर’ म्हटलं तिथं ‘गावावर’ आणि ज्यांनी ‘गावाकडं’ म्हटलं तिथं ‘गावाकडं’ असंच छापलं आहे. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी घरी होते.